आईच्या खोलीतला सोळा अँपिअरचा प्लग

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतो आहे, आणि खरं सांगायचं तर प्रत्येक अनुभव मनातल्या मनात खोडत वाचतो. दार आपोआप लागलं – हवेचा दाब. सावली दिसली – झोप अपुरी. माझा पेशाच तसा आहे. गुरुग्राममधल्या एका विमा कंपनीत मी आगीच्या दाव्यांची जोखीम मोजतो. इतक्या घरांपैकी किती घरांत आग लागेल, कशामुळे लागेल, याची कोष्टकं करणं हे माझं काम. त्या कोष्टकात 'अमानवीय' असा रकाना नसतो. मी कधी भूत मानलं नाही, आजही मानत नाही. त्यामुळे खाली जे लिहितो आहे त्यात भूत नाही. एक प्लग आहे. आणि मी आहे, दुर्दैवाने.

आम्ही दिल्लीत, द्वारकामधल्या एका सोसायटीत सहाव्या मजल्यावर राहतो. मी, माझी बायको मंजिरी – ती शाळेत शिकवते – आणि गेल्या दिवाळीपासून माझी आई. मुलगी नोकरीसाठी बेंगळुरूला. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, सगळा जन्म अकोल्यात गेलेला. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिने एकटं राहू नये म्हणून मीच हट्टाने तिला घेऊन आलो. मुलीची रिकामी खोली तिला दिली. खोली चांगली मोठी आहे, फक्त उत्तरेकडची आहे. हिवाळ्यात तिथे ऊन येत नाही.

आता त्या प्लगविषयी. आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या मागे तळहाताएवढा एक कॉम्प्युटर आहे. तो घराचा सर्व्हर. घरातले अकरा स्मार्ट प्लग त्याच्या हुकमाने चालतात. स्मार्ट प्लग म्हणजे भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचायची एक डबी. तिच्यात उपकरणाची पिन घातली की ते उपकरण मोबाइलवरून किंवा ठरलेल्या वेळी चालू-बंद करता येतं, आणि किती वॅट खातंय तेही दिसतं. ही सगळी यंत्रणा मी स्वतः बसवली आहे. पाण्याचा फिल्टर, गीझर, एअर प्युरिफायर... सगळं नियमाने चालतं. शेजारचे लोक बघायला यायचे.

आईच्या खोलीत तेलाचा हीटर ठेवला होता, आणि सोळा अँपिअरचा, जड उपकरणांसाठीचा प्लग जोडून त्यालाही मी नियम लावला. सकाळी आम्ही उठण्याआधी तो चालू व्हायचा. मंजिरी सातला शाळेत जाते, मी त्यानंतर निघतो. मी निघालो की हीटर बंद. संध्याकाळी आमच्यापैकी कुणी घरी आलं की पुन्हा चालू. थोडक्यात, आई एकटी असताना हीटर चालणार नाही. कारण काय ते वर सांगितलंच आहे. दर हिवाळ्यात माझ्या टेबलावर ज्या फायली येतात त्यांत हीटर असतो, पडदा असतो, आणि बऱ्याचदा घरात एकटं म्हातारं माणूस असतं.

डिसेंबर लागल्यावर एका सकाळी चहा पिताना आई म्हणाली, "श्री, दुपारी तो हीटर जरा चालू राहू देशील का? जेवण झालं की फार गार होतं रे."

मी लगेच मोबाइल काढला. तिच्या खोलीत तापमान मोजणारा सेन्सर लावलेला होता. "हे बघ आई. काल दुपारी तुझ्या खोलीत एकोणीस पॉइंट चार होतं. एकोणीस म्हणजे काही थंडी नव्हे. आणि आगीच्या दाव्यांत हीटरचे किती असतात माहितीये तुला?" मी तिला तो आकडाही सांगितला. आकडा बरोबर होता.

ती स्क्रीनकडे बघत राहिली. तेवढं बारीक तिला दिसत नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. "बरं," ती म्हणाली. "तू मोजलंयस म्हणजे बरोबरच असेल."

मला वाटलं, पटलं तिला.

त्यानंतर काही दिवसांतच तो प्रकार सुरू झाला. ऑफिसला पोचून मी सवयीने मोबाइलवर घर बघितलं, तर सगळे प्लग आपापल्या जागी, आणि आईचा हीटर चालू. १४६० वॅट. सर्व्हरने बंद करण्याचा हुकूम पाठवला होता. प्लगने तो मिळाल्याची पोचही दिली होती. फक्त बंद झाला नव्हता. मी मोबाइलवरून पुन्हा हुकूम दिला. पुन्हा पोच. १४६० वॅट. मी घरी फोन लावला.

"आई, हीटर चालू आहे का?"

"आहे की. मस्त गरम झालंय."

"तो बंद व्हायला हवा होता."

"हो का? मग नाही झाला बाप्पा."

"प्लगवर एक छोटं बटण आहे बघ, डाव्या बाजूला. ते दाब."

टक् असा आवाज मला फोनवरही ऐकू आला. स्क्रीनवर वॅट शून्य झाले.

"झालं का तुझ्या मनासारखं?" आई म्हणाली.

"झालं. आता शाल घे."

"दोन घेतल्यात."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी प्लगने हुकूम पाळला. चौथ्या दिवशी पुन्हा तेच. कधी मी मीटिंगमध्ये असायचो आणि फोन करायचा राहून जायचा. तेव्हा दुपारी जेवणानंतर केव्हातरी हीटर बटणाने बंद केलेला दिसायचा. कुणी केला असेल याचा मी विचार केला नाही. मला बिघाड शोधायचा होता.

ज्यांना यातलं कळतं त्यांच्यासाठी सांगतो. प्लगच्या आत वीज जोडणारी-तोडणारी एक रिले असते. हीटरसारखं जड उपकरण लावलं की तिची टोकं कधीकधी चिकटून बसतात, मग प्लग बंद होत नाही. माझा पहिला संशय तोच. पण टोकं चिकटली असती तर बटणानेही बंद झाला नसता. मग वायफाय बघितलं. त्या खोलीत सिग्नल हॉलइतकाच चांगला. प्लगला कायमचा पत्ता नेमून दिला, राउटर बदलला, सर्व्हर पुसून पुन्हा बसवला. शेवटी नवा प्लग आणला. नवा प्लगही आईच्या खोलीत ऐकेना! आणि जुना काढून हॉलमध्ये लावला तर तो अगदी गुणी बाळासारखा. इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने सॉकेट उघडलं, वायर तपासल्या, अर्थिंग तपासलं. "सर, सब ठीक है. लोड भी ठीक है. आप किस बात के लिए परेशान हो?"

एका रविवारी आई मंजिरीबरोबर देवळात गेली तेव्हा मी तिच्या खोलीत बसून तपासणी केली. हीटर तोच, प्लग तोच, सॉकेट तोच. वीस वेळा हुकूम दिला. वीस वेळा टक्. एकदाही चूक नाही. गाडी मेकॅनिककडे नेली की नीट चालते ना, तसं.

मंजिरी आल्यावर मी हे सांगितलं. ती चप्पल काढता काढता म्हणाली, "मग राहू दे ना चालू. आई राहतात त्या खोलीत. गोडाऊन नाहीये ते."

"प्रश्न तो नाहीये."

"अच्छा? मग काय आहे प्रश्न?"

"सिस्टिममध्ये एक गोष्ट ऐकत नसेल तर सिस्टिमला अर्थ काय?"

"बिल्कुल," ती म्हणाली. "आणि जी ऐकते तिचं कुणी विचारू नये."

हा टोमणा मला तेव्हा नीटसा कळला नाही. कळला असता तर पुढचं टळलं असतं.

जानेवारीत हवा फारच बिघडली म्हणून ऑफिसने आम्हाला घरून काम करायला सांगितलं. बाहेर धुकं आणि धूर यांत फरक करता येत नव्हता, समोरची इमारतसुद्धा दिसत नव्हती. मी मुलीच्या जुन्या अभ्यासाच्या टेबलापाशी, बाहेरच्या खोलीत बसलो होतो. आईला वाटलं असावं की मी मीटिंगमध्ये आहे. मी घरी असलो तरी नियमातली वेळ बदलली नव्हती. हीटर बंद व्हायची वेळ झाली. आज प्रत्यक्ष डोळ्यांनी बघू म्हणून मी मोबाइल घेऊन तिच्या खोलीच्या दारापाशी गेलो. दार अर्धवट उघडं होतं.

आईने खुर्ची हीटरजवळ ओढून घेतली होती. पाय पाटावर. तोंड भिंतीकडे, प्लगकडे. आणि ती बोलत होती.

"झाली वाटतं तुझी वेळ," ती म्हणाली. "मला माहितीये रे, तुलाही वरून सांगतात. पण आज बाहेर बघ, सूर्यच नाही. पाय सुन्न पडलेत माझे. थोडं राहू दे न बाप्पा. जेवण झालं की मी स्वतः बंद करीन. तुला बोलणी बसू द्यायची नाही मी."

माझ्या हातात मोबाइल होता. हुकूम गेला. पोच आली. १४६० वॅट. मी अंगठ्याने पुन्हा हुकूम दिला. पोच. १४६०. पुन्हा. १४६०.

आई भिंतीकडे बघून हसली. "शहाणं आहे माझं," म्हणाली.

त्या क्षणी आत जायला हवं होतं. मधे चार पावलांचं अंतर होतं. ती माझी आई आहे आणि ती एका डबीची विनवणी करत होती. मी आत गेलो नाही. मी टेबलापाशी परत आलो आणि... लिहितानाही लाज वाटते... त्या प्लगमध्ये आवाज टिपणारा मायक्रोफोन असेल का, याची माहिती शोधू लागलो. मला खरोखर दुसरं काही सुचलं नाही. दुपारी आई जेवायला बसली तेव्हा प्लग काढून आणला आणि उघडला. एक पट्टी, रिले, एक चिप, एक दिवा. मायक्रोफोन नाही. जुना उघडला. त्यातही नाही. आणि असता, तरी अकोल्याच्या बोलीत केलेली विनवणी समजून हुकूम डावलायचा, हे त्यातली कोणती चिप करणार होती?

मग मी माझ्या मते पक्का उपाय केला. इलेक्ट्रिशियनला बोलावून मुख्य दाराजवळच्या विजेच्या पेटीत एक स्मार्ट ब्रेकर बसवून घेतला. तो आईच्या खोलीतल्या हीटरच्या सॉकेटची वीजच मुळात तोडणार. प्लग ऐको वा न ऐको. आईला यातलं काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय आहे, असं मला वाटलं.

ऑफिस पुन्हा सुरू झालं. पहिल्या दिवशी ब्रेकरने अचूक काम केलं. दुसऱ्या दिवशीही. मी मंजिरीला मेसेज केला – 'शेवटी जमलं!'

त्याच आठवड्यात दुपारी तिचा फोन आला. शाळेतून ती नुकती घरी पोचली होती.

"श्रीकांत, घरी ये."

"काय झालं?"

"आई गॅसपाशी बसल्या होत्या. पदर पेटला. विझलाय, पण तू ये."

गुरुग्राम ते द्वारका. त्या दिवशी रस्त्यात काय काय होतं ते मला आठवत नाही.

आई अंथरुणात होती. सोसायटीतल्या डॉक्टरांनी येऊन उजव्या हाताची दोन बोटं बांधली होती. स्वयंपाकघरातलं स्टूल गॅसच्या ओट्याला लागून अजून तसंच होतं, आणि सिंकमध्ये तिची साडी, ओली, एका टोकाला काळी. तिनेच पदर नळाखाली धरून विझवला होता. मला दारात बघून ती आधी हेच म्हणाली,

"हीटरने नाही भाजलं रे. घाबरू नकोस."

मी तिच्या पलंगावर बसलो. "गॅसपाशी कशाला बसलीस आई?"

"हात शेकत होते."

"मला फोन करायचा ना."

"तुला सांगितलं होतं की मागे. तू मोजून दाखवलंस." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. "मग मी त्या भिंतीवरच्याला सांगायची. तो बिचारा ऐकायचा. आता दोन-तीन दिवस बघते तर त्याचा दिवाच जातो. त्याला वीजच येत नाही तर तो तरी काय करणार? मग कळलं, आता दुसरंच कुणीतरी बंद करतंय. ते तू कुठे बसवलंयस मला माहीत नाही. कुणाशी बोलू?"

मंजिरी दारात उभी होती. तिने जाऊन ओट्याजवळचं ते स्टूल उचलून ठेवलं.

मी उठलो आणि विजेच्या पेटीतला तो ब्रेकर हाताने चालू केला. मग सर्व्हरवरून आईच्या खोलीचे सगळे नियम पुसून टाकले. त्याच संध्याकाळी, का कोण जाणे, एक साधा थर्मामीटर आणून तिच्या खिडकीजवळच्या खुर्चीवर ठेवला, जिथे ती दुपारी बसायची. दुसऱ्या दिवशी सुट्टी घेऊन हीटर थोडा वेळ बंद ठेवून बघितलं. चौदा. माझा सेन्सर मी कपाटावर, हीटरच्या बाजूला लावला होता, जिथे सकाळची ऊब दुपारपर्यंत साचून राहायची. एकोणीस पॉइंट चार खरंच होतं... कपाटाला.

मी आईची माफी मागितली. "माफी कसली रे," ती म्हणाली, "चहा टाक. मंजिरीचा अगोड असतो."

त्यानंतर हीटर तिला हवा तेव्हा चालू राहिला, आणि दुपारी घरी सोबतीला एक बाई ठेवल्या. पण तिला प्लगशी बोलताना बघितलं ती सकाळ माझ्या डोक्यातून जाईना. एका रविवारी मी तिला म्हणालो, "आई, एकदा माझ्यासमोर त्याला सांगशील? मी मोबाइलवरून बंद करतो."

"कशाला?"

"मला बघायचंय."

"म्हणजे परत मोजायचंय." ती हसली. मग गंभीर झाली. "नको. अडलं होतं तेव्हा त्याने केलं. आता त्याची परीक्षा नको घेऊ."

ती अंघोळीला गेली तेव्हा मी तिच्या खुर्चीत बसलो. त्रेपन्न वर्षांचा माणूस, एका प्लगकडे तोंड करून. "राहू दे थोडं," मी म्हणालो. मोबाइलवरून हुकूम दिला. टक्. शून्य वॅट. मी आणखी एकदा करून बघितलं नाही. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढायचा नसतो हे मला कळतं, पण धीर झाला नाही.

त्या दिवसांत मी तिला येता-जाता विचारायचो, "काही हवंय का? काही लागलं तर मला सांग." ती दर वेळी म्हणायची, "काही नको रे, सगळं आहे." पाणी हवं असलं तरी स्वतः उठायची. पांघरूण अपुरं आहे हे मला मंजिरीकडून कळायचं.

फेब्रुवारीच्या मध्यावर ऊन पडायला लागलं. एका सकाळी आम्ही दोघं बाल्कनीत बसलो होतो. ती म्हणाली, "श्री, एक मागू?"

मला इतका आनंद झाला की मी हातातला पेपर खाली ठेवला. "माग ना आई! काहीही माग."

"मला अकोल्याला पोचवून दे."

अकोल्याला तिची धाकटी बहीण त्याच गल्लीत राहते. शेजारी ओळखीचे आहेत. तरी तिथे एकटं राहण्यात काय काय धोके आहेत ते मी झोपेतही सांगू शकलो असतो. मी तोंड उघडलं आणि मिटलं. "पोचवतो," म्हणालो. त्याच आठवड्यात गाडीने तिला घेऊन गेलो. घरात शिरल्यावर तिने आधी माझ्या वडिलांच्या फोटोवरची धूळ पुसली, मग बहिणीला हाक मारून म्हणाली, "शकू, जरा पाणी आण गं, तहान लागलीये." इतक्या सहज. मी तिथे उभा होतो, बॅगा हातात धरून.

हे सगळं मी ऑनलाइन एका तांत्रिक मंचावरही मांडलं होतं, आईचा भाग वगळून. उत्तरं भरपूर आली. रिले, व्होल्टेज, फर्मवेअर, राउटरचं चॅनल. प्रत्येक शक्यता मी तपासली होती. आईने सांगितल्यावर तो प्लग हुकूम का मानत नव्हता आणि ती नसताना का मानत होता, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. वाचकांपैकी कुणाला माहीत असेल तर जरूर लिहा, मी वाचीन.

पण एखादा साधा बिघाड निघावा अशी आशा मी आता करत नाही. कारण तो नुसताच बिघाड होता असं ठरलं, तर त्या हिवाळ्यात माझ्या घरात माझ्या आईचं ऐकणारं कुणीच नव्हतं, असा त्याचा अर्थ होतो.